बर्फावर गाजलेला खेळाडू संघही चांगला उभारतो का?

भारतीय क्रिकेटच्या राष्ट्रीय निवड समितीवर येणारा माणूस किमान ७ कसोटी सामने, किंवा ३० प्रथम श्रेणी सामने, किंवा १० एकदिवसीय आणि २० प्रथम श्रेणी सामने खेळलेला असावा, असा क्रिकेट मंडळाचा नियम आहे. दिलीप वेंगसरकर असोत की अजित आगरकर, मैदान गाजवलेल्या माणसानेच संघ निवडावा हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की त्यामागचे कारण आपण सहसा विचारत नाही. उत्तर अमेरिकेत मात्र आइस हॉकीच्या बाबतीत हा प्रश्न वर्षानुवर्षे वादाचा राहिला आहे. फ्लोरिडा पँथर्स या संघाने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे स्टॅनली चषक जिंकला, आणि हा संघ चालवणारे बिल झिटो हे वकील आणि खेळाडूंचे माजी एजंट आहेत. ते व्यावसायिक हॉकीच्या सर्वोच्च लीगमध्ये एकही सामना खेळलेले नाहीत. त्याच सुमारास, ज्यांच्या नावाने डेट्रॉइट शहरात आजही टाळ्या पडतात, त्या थोर माजी खेळाडू स्टीव्ह आयझरमन यांच्या हाती असलेला डेट्रॉइट रेड विंग्ज संघ २०१९ पासून २०२५ पर्यंत एकदाही बाद फेरीत पोहोचला नव्हता. टोरंटोत, न्यू जर्सीत किंवा डेट्रॉइटच्या उपनगरांत राहणाऱ्या आणि मुलांमुळे हा खेळ पाहू लागलेल्या मराठी घरांतही त्यामुळे हा प्रश्न निघतो: संघ सांभाळायला माजी खेळाडू खरोखर लागतो का?

ही हॉकी आपली नव्हे

ध्यानचंदांची हॉकी गवतावर, आता कृत्रिम हिरवळीवर, खेळली जाते. ही बर्फावर, पायांत स्केट्स घालून, रबराच्या चपट्या चकतीने खेळली जाते आणि तिच्यात अंगाला अंग भिडवण्याची मुभा असते. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही तिची सर्वोच्च लीग आहे. तिच्यात अमेरिका आणि कॅनडातील ३२ संघ आहेत, प्रत्येक संघ हंगामात ८० हून अधिक साखळी सामने खेळतो, आणि त्यांतले १६ संघ बाद फेरीत जाऊन स्टॅनली चषकासाठी झुंजतात. पुढचे समजून घ्यायला खेळाची एवढी ओळख पुरेशी आहे.

जनरल मॅनेजर नेमके काय करतो

एखाद्या चांगल्या खानावळीत दोन वेगळी कामे असतात. आचारी समोर आलेल्या भाजीतून जेवण रांधतो. मालक मात्र कोणत्या बाजारातून काय आणायचे, किती पैशांत आणायचे, कोणता आचारी ठेवायचा, आज तांदूळ भरून ठेवायचा की भाव उतरेपर्यंत थांबायचे, हे ठरवतो. हॉकी संघात प्रशिक्षक हा आचारी असतो आणि जनरल मॅनेजर हा बाजारहाट करणारा. सामना चालू असताना कोणाला बर्फावर उतरवायचे हे प्रशिक्षक पाहतो. मुळात संघात कोण असणार, त्याला किती वर्षांचा आणि किती पैशांचा करार द्यायचा, कोणाला दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात कोण आणायचा, हे जनरल मॅनेजर ठरवतो. प्रशिक्षकाला नेमणे आणि काढणेही सहसा त्याच्याच हाती असते.

या कामात स्केट्स घालावे लागत नाहीत. त्यातला मोठा भाग फोनवर बोलण्याचा, करार वाचण्याचा, दूरदूरच्या गावांतल्या गारठलेल्या मैदानांवर बसून कोवळी मुले खेळताना पाहण्याचा आणि आकडेमोडीचा असतो.

पैशाची चौकट

कामगार-मालक वादामुळे २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला आणि त्यानंतर एनएचएलमध्ये वेतनमर्यादा आली. म्हणजे मालक कितीही श्रीमंत असला तरी सर्व खेळाडूंच्या पगारावर ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. पहिल्या वर्षी ही रक्कम ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर झाली. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला ठरावीक रक्कम मिळते आणि एका खेळाडूवर फार उधळले की शेवटी तळाची नावे गोळा करावी लागतात, हे आपण पाहिलेले आहे. इथे तोच पेच आहे, फक्त त्यात वर्षांची भर पडते. खेळाडूला आठ-आठ वर्षांचे करार दिले गेले आहेत, आणि तो तिसऱ्या वर्षी मंदावला तरी उरलेली पाच वर्षे त्याचा पगार चौकटीतली जागा अडवून बसतो.

साधा हिशेब करून पाहू. ९ कोटी ५५ लाखांना संघातल्या २३ खेळाडूंत भागले तर प्रत्येकी सुमारे ४१.५ लाख डॉलर येतात. एडमंटनच्या लिऑन ड्रायसाइटल यांचा करार वर्षाला १ कोटी ४० लाखांचा आहे, म्हणजे एकट्या माणसाने सुमारे सातवा हिस्सा घेतला. तेव्हा उरलेल्यांत काही जणांना अगदी थोडक्यात राखता आले, तरच घर चालते. कोलोरॅडोचे तेव्हाचे जनरल मॅनेजर जो सॅकिक यांनी २०१६ मध्ये नेथन मॅकिनन या तरुणाशी सात वर्षांचा, वर्षाला ६३ लाख डॉलरचा करार केला. पुढे मॅकिनन जगातल्या अव्वल खेळाडूंत गणला जाऊ लागला, पण करार तोच राहिला आणि वाचलेल्या पैशांत सॅकिक यांना बाकीचा संघ भक्कम करता आला. सॅकिक स्वतः थोर खेळाडू होते. पण अशा करारांतली दूरदृष्टी गोल मारण्याच्या हातोटीतून आपोआप येते, असे म्हणता येत नाही.

खोंड पाहून बैल ओळखणे

दुसरे मोठे काम म्हणजे ड्राफ्ट. दरवर्षी जूनच्या अखेरीस सगळे संघ साधारण १८ वर्षांच्या मुलांमधून पाळीपाळीने एकेकाला निवडतात. सात फेऱ्या होतात, म्हणजे ३२ संघांत मिळून सव्वादोनशेच्या आसपास नावे. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघांना आधी पाळी मिळण्याची शक्यता जास्त असते, पण पहिली नावे सोडतीने ठरतात. बैलबाजारात खोंडाचे दात, खूर आणि चाल पाहून तो पाच वर्षांनी औताला कसा चालेल हे ओळखणारा शेतकरी जे करतो, तेच हे काम आहे, आणि चूकही तितकीच सहज होते.

२०११ चा ड्राफ्ट सेंट पॉल शहरात झाला. निकिता कुचेरोव्ह नावाच्या रशियन मुलाच्या आधी ५७ नावे पुकारली गेली. ५८ व्या पाळीला टँपा बे या संघाने त्याचे नाव घेतले. त्याच ड्राफ्टमध्ये २०८ व्या पाळीला त्यांनी ओन्द्रेय पालात याला उचलले. तीन वर्षांनी ७९ व्या पाळीला ब्रेडन पॉइंट मिळाला. या तिघांनी पुढे चषक जिंकले आणि कुचेरोव्ह २०१९ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वेळी टँपाचे जनरल मॅनेजर स्टीव्ह आयझरमनच होते. पण या मुलांना बर्फावर जाऊन पाहणारी, टिपणे काढणारी माणसे वेगळी होती. त्या विभागाचे प्रमुख म्हणून अल मरे २०१० मध्येच संघात आले होते. म्हणजे आयझरमन यांचे श्रेय खोंड पारखण्यापेक्षा पारखी माणसावर विश्वास टाकण्यात अधिक आहे, आणि मला ते श्रेय जास्त मोलाचे वाटते.

खेळलेल्या माणसाकडे काय असते

माजी खेळाडूच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य आहे. वीस वर्षे ड्रेसिंग रूममध्ये काढलेल्या माणसाला कोणाचे गुडघे संपत आले आहेत, कोण दुखणे लपवून खेळतो आहे, कोण पराभवानंतर बाकीच्यांना सावरतो, हे कागदाआधी दिसते. त्याचा फोन लोक उचलतात. आणि लोक शिव्या घालत असताना स्थिर राहण्याची सवय त्याला असते.

याचे उत्तम उदाहरण सॅकिक यांचेच आहे. २०१६-१७ मध्ये त्यांच्या संघाने ८२ पैकी केवळ २२ सामने जिंकले. संघातला नावाजलेला खेळाडू मॅट डुशेन दुसरीकडे जाऊ इच्छित होता, आणि सॅकिक मनाजोगता मोबदला मिळेपर्यंत कोणालाही होकार देत नव्हते. महिनोन्‌महिने त्यांना हट्टी आणि अननुभवी ठरवले गेले. ५ नोव्हेंबर २०१७ रोजी ब्रुकलिनमध्ये सामना सुरू असताना, पहिल्याच सत्रात, डुशेनला बर्फावरून बाहेर बोलावण्यात आले. तीन संघांमधला सौदा ठरला होता. बदल्यात कोलोरॅडोला सॅम्युअल जिरार्ड हा बचावपटू, आणखी काही खेळाडू आणि ड्राफ्टमधल्या पाळ्या मिळाल्या. त्यातल्या ऑटावाच्या पाळीतून २०१९ मध्ये चौथ्या क्रमांकावर बोवेन बायरम आला. जिरार्ड आणि बायरम दोघेही २०२२ च्या विजेत्या संघात होते. एवढा काळ दम धरणे हे मला खेळाडूपणाचे फळ वाटते. सॅकिक यांना त्या शहरात स्वतःला सिद्ध करायचे नव्हते, म्हणून घाईच्या सौद्याची गरजही त्यांना पडली नाही.

आणि काय नडते

पण बर्फावरचा अनुभव काही ठिकाणी डोळ्यांवर झापडही आणतो. आपण ज्या काळात खेळलो तोच खेळ खरा वाटतो, आपल्यासारखा लढवय्या गडी पाहिला की त्याच्यावर जीव जडतो, आणि जुन्या सोबत्यांना नोकरी देण्याचा मोह होतो.

न्यूयॉर्क आयलँडर्सचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. माइक मिलबरी बॉस्टनकडून बारा हंगाम खेळलेले बचावपटू. १९९५ ते २००६ या काळात ते आयलँडर्सचे जनरल मॅनेजर होते. २००० च्या ड्राफ्टच्या दिवशी त्यांनी तरुण गोलरक्षक रॉबर्टो लुऑन्गो याला फ्लोरिडाला देऊन टाकले आणि त्याच्याऐवजी पहिल्या क्रमांकावर रिक डिपिएट्रो या गोलरक्षकाला निवडले. वर्षभराने अलेक्सेई याशिनला आणण्यासाठी त्यांनी झ्डेनो खारा हा उंचापुरा बचावपटू आणि जिच्यातून जेसन स्पेझा मिळाला ती दुसऱ्या क्रमांकाची पाळी ऑटावाला दिली, आणि वर याशिनला दहा वर्षांचा ८ कोटी ७५ लाख डॉलरचा करार दिला. लुऑन्गो आणि खारा दोघेही पुढे हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. संघाची मालकी त्या काळात डळमळीत होती आणि पैशाची ओढाताण होती, हे मिलबरींच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. तरीही या निवडी त्यांच्याच होत्या.

मिलबरी गेल्यावर २००६ च्या जुलैत त्याच संघाने आणखी धाडसी गोष्ट केली. संघाचा राखीव गोलरक्षक गार्थ स्नो याने निवृत्ती घेतली आणि तो थेट जनरल मॅनेजरच्या खुर्चीत बसला. मध्ये एकाही दिवसाची उमेदवारी नव्हती. दोनच महिन्यांनी डिपिएट्रो याला पंधरा वर्षांचा ६ कोटी ७५ लाख डॉलरचा करार मिळाला. त्या करारामागे मालकाचीही इच्छा होती असे मानले जाते, पण अनुभवी माणसाने मालकालाही थांबवायचे असते. दुखापतींनी डिपिएट्रो याची कारकीर्द मोडली आणि २०१३ मध्ये संघाने पैसे मोजून करार संपवला. ते पैसे हप्त्यांनी द्यायचे ठरले: वर्षाला १५ लाख डॉलर, २०२९ पर्यंत.

डेल टॅलन यांची गोष्ट

या सगळ्या प्रश्नाची गुंतागुंत एका माणसात पाहायची असेल तर शिकागोच्या डेल टॅलन यांच्याकडे पाहावे. सहाशेहून अधिक सामने खेळलेला हा बचावपटू २००५ मध्ये शिकागो ब्लॅकहॉक्सचा जनरल मॅनेजर झाला. २००६ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी जोनाथन टेव्झ निवडला, २००७ मध्ये पॅट्रिक केन. ही दोन नावे पुढच्या दशकातल्या शिकागोचा कणा ठरली. खेळाडू हेरण्याची नजर म्हणतात ती टॅलन यांच्याकडे भरपूर होती.

आकडे आणि कागद मात्र त्यांना साथ देत नव्हते. २००८ मध्ये ब्रायन कँपबेल याला त्यांनी आठ वर्षांचा ५ कोटींहून मोठा करार दिला, आणि असे जड करार साचत गेले. मग २००९ च्या उन्हाळ्यात एक साधी कारकुनी चूक घडली. संघाच्या काही तरुण खेळाडूंवरचा हक्क राखण्यासाठी त्यांना मुदतीत करारप्रस्ताव पाठवावे लागतात. ते वेळेत पोहोचले नाहीत. हे खेळाडू हातचे जाऊ नयेत म्हणून त्यांच्याशी घाईने चढ्या दराने करार करावे लागले. दोनच आठवड्यांत टॅलन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि त्यांच्या जागी स्टॅन बोमन आले, जे कधी एनएचएल खेळले नव्हते आणि हिशेबाच्या बाजूने वर आले होते. ११ महिन्यांनी, जून २०१० मध्ये, शिकागोने चषक जिंकला. त्याच महिन्यात वेतनमर्यादेत बसण्यासाठी बोमन यांना विजेत्या संघातले खेळाडू एकामागून एक बाहेर पाठवायला सुरुवात करावी लागली.

मग तो चषक कोणाचा? संघ बव्हंशी टॅलन यांनी बांधला, खुर्चीत बोमन होते, आणि संघ इतका महाग करून ठेवला टॅलन यांनीच. गंमत म्हणजे हीच कथा पुन्हा घडली. टॅलन फ्लोरिडात गेले. तिथे २०१३ मध्ये अलेक्झांडर बार्कोव्ह, २०१४ मध्ये आरॉन एकब्लाड यांना त्यांनी ड्राफ्टमधून घेतले आणि २०१९ मध्ये गोलरक्षक सर्गेई बोब्रोव्स्की याला करारबद्ध केले. हे तिघेही २०२४ आणि २०२५ च्या विजेत्या संघात होते. तेव्हा खुर्चीत झिटो होते.

चषकांचा हिशेब

आता सगळ्यांचा हिशेब मांडू. वेतनमर्यादा आल्यानंतर २००६ ते २०२५ या काळात २० चषक दिले गेले. त्यांपैकी माजी एनएचएल खेळाडू जनरल मॅनेजर असताना जिंकलेले सहा आहेत: जिम रदरफर्ड यांचे तीन (कॅरोलायना २००६, पिट्सबर्ग २०१६ आणि २०१७), डेट्रॉइटच्या केन हॉलंड यांचा २००८ चा, वॉशिंग्टनच्या ब्रायन मॅक्लेलन यांचा २०१८ चा आणि सॅकिक यांचा २०२२ चा. उरलेले चौदा कधीच एनएचएल न खेळलेल्यांचे. त्या चौदांतले आठ तर कायद्याची पदवी घेतलेल्या माणसांचे आहेत: ब्रायन बर्क, पीटर शिआरेली, डीन लोंबार्डी (दोन), ज्युलियन ब्रिझब्वा (दोन) आणि झिटो (दोन).

एवढ्यावर निकाल देणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. आंबा लावणारा एक आणि फळ खाणारा दुसरा, असे इथे सतत घडते. २०१० चा चषक टॅलन यांच्या खात्यावर टाकला, २००९ चा पिट्सबर्गचा चषक सिडनी क्रॉस्बी आणि येवगेनी माल्किन यांना आणणाऱ्या क्रेग पॅट्रिक यांच्याकडे दिला, आणि टँपाचे २०२० व २०२१ चे चषक आयझरमन यांचे मानले, तर सहाचे दहा होतात आणि पारडी बरोबरीत येतात. उलट बाजूनेही तसेच आहे: सॅकिक यांच्या विजेत्या संघाचा कर्णधार गेब्रिएल लँडेस्कॉग हा त्यांच्या आधीच्या, एनएचएल न खेळलेल्या जनरल मॅनेजरच्या काळात आला होता. त्यामुळे "माजी खेळाडू चांगले" किंवा "माजी खेळाडू वाईट" असे दोन्ही निष्कर्ष वीस चषकांच्या तोकड्या आधारावर उभे राहत नाहीत.

"पण वकिलाला खेळातले काय कळणार?"

हा आक्षेप अनेकांच्या मनात येतो, म्हणून तो बाजूला सारू नये. पहिली गोष्ट, या वकिलांतले बहुतेक जण खेळाला परके नव्हते. शिआरेली हार्वर्डकडून आणि झिटो येलकडून विद्यापीठ पातळीवर खेळले होते. दुसरी गोष्ट, ज्याने खेळाडूंचा एजंट म्हणून टेबलाच्या पलीकडे बसून सौदे केले, त्याला कोणत्या करारात कुठे पाणी मुरते हे माहीत असते. २०२२ च्या जुलैत झिटो यांनी आदल्याच हंगामात ११५ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) मिळवणारा, चाहत्यांचा लाडका जोनाथन ह्युबर्डो, त्याच्यासोबत बचावपटू मॅकेन्झी वीगर आणि ड्राफ्टची एक पाळी कॅलगरीला दिली आणि मॅथ्यू टकाचक याला आणले. चोख हिशेबाचा माणूसच असे करू धजतो. शिवाय दुसऱ्या संघाने वगळलेला गुस्ताव फॉर्सलिंग हा बचावपटू त्यांनी काहीही न देता घेतला आणि तो पहिल्या फळीचा आधार झाला.

पण पदवी हे कवच नव्हे. हेच शिआरेली बॉस्टनला चषक मिळवून दिल्यावर एडमंटनला गेले, तिथे २०१६ मध्ये त्यांनी टेलर हॉल देऊन बदल्यात एकटा अ‍ॅडम लार्सन घेतला, आणि दोन वर्षांनी हॉल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आकडेशास्त्राच्या बळावर २०१६ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी ॲरिझोनाचे जनरल मॅनेजर झालेल्या जॉन चेका यांच्या काळात, ड्राफ्टमधल्या मुलांच्या शारीरिक चाचण्या नियमाबाहेर घेतल्याबद्दल लीगने संघाच्या ड्राफ्टमधल्या दोन पाळ्या काढून घेतल्या. न खेळलेली माणसेही आपापल्या पद्धतीने चुकतात.

थोर खेळाडू की साधा खेळाडू?

आणखी एक समज असा की थोर खेळाडू वाईट व्यवस्थापक होतात आणि धडपडून टिकलेले चांगले, कारण थोरांना जे सहज येते ते इतरांत शोधता येत नाही. सॅकिक आणि टँपातले आयझरमन हा समज खोटा पाडतात. पण साध्या खेळाडूंची यादी खरोखर भरघोस आहे, आणि तिच्यात केन हॉलंड यांची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

हॉलंड गोलरक्षक होते आणि एनएचएलमध्ये एकूण चार सामने खेळले. १९८५ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, कारकीर्द संपली आणि ते ब्रिटिश कोलंबियातल्या आपल्या गावी परतले. पुढे काय करायचे ते ठाऊक नव्हते. आईने सुचवले, व्हॅक्यूम क्लीनर विकण्याचे काम आहे, ते कर. तेवढ्यात डेट्रॉइटकडून पश्चिम कॅनडात फिरून तरुण खेळाडू हेरण्याची नोकरी चालून आली. पुढच्या बारा वर्षांत ते आधी गावोगावच्या मैदानांवर फिरले, मग त्या विभागाचे प्रमुख झाले, आणि १९९७ मध्ये जनरल मॅनेजर. १९९८ मध्ये त्यांच्या संघाने १७१ व्या पाळीला पावेल दात्सुक आणि १९९९ मध्ये २१० व्या पाळीला हेन्रिक झेटरबर्ग घेतला. त्यांच्या खुर्चीच्या काळात डेट्रॉइटने तीन चषक जिंकले. त्यांच्या यशाचे मूळ त्या चार सामन्यांत शोधायचे, की बारा वर्षांच्या प्रवासात?

एकच माणूस, दोन शहरे

आयझरमन यांच्याकडे परत येऊ. टँपात ते २०१० मध्ये आले तेव्हा स्टीव्हन स्टॅमकोस आणि व्हिक्टर हेडमन ही दोन रत्ने आधीच संघात होती. डेट्रॉइटला २०१९ मध्ये आले तेव्हा हाती म्हातारा होत चाललेला, महागड्या करारांचा संघ होता. पुढच्याच हंगामात संघ लीगमध्ये शेवटचा आला, तरीही सोडतीत पहिली पाळी मिळण्याऐवजी तो चौथ्यावर घसरला. बुद्धी तीच, डोळे तेच, पण हातात आलेले पत्ते वेगळे.

करही विसरू नये. फ्लोरिडा आणि नेवाडा या राज्यांत पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे तेवढ्याच करारात खेळाडूच्या खिशात जास्त पैसे पडतात. २०२० ते २०२५ या सहा चषकांतले पाच याच राज्यांतल्या संघांनी जिंकले. अपवाद फक्त कोलोरॅडो. सगळे यश करामुळे आले असे नव्हे, पण वकील जिंकले की ही राज्ये जिंकली, हे सुटे करून सांगणे अवघड आहे.

शेवटचा सामना आणि खुर्ची यांच्या मधली वर्षे

मला विचाराल तर, नवा जनरल मॅनेजर जाहीर झाला की तो किती सामने खेळला हे पाहण्याआधी, स्केट्स काढल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत त्याने काय केले हे पाहावे. आयझरमन निवृत्त झाल्यावर चार वर्षे हॉलंड यांच्या हाताखाली बसले. डॅलसचे जिम निल यांनी निवृत्तीनंतर डेट्रॉइटमध्ये पंधरा वर्षे सहायक म्हणून काढली, मग २०१३ मध्ये डॅलस घेतले, आणि २०२३, २०२४ व २०२५ असे सलग तीन वेळा ते वर्षाचे सर्वोत्तम जनरल मॅनेजर ठरले. ब्रायन मॅक्लेलन सहाशेहून अधिक सामने खेळून १९९२ मध्ये थांबले. पुढे त्यांनी व्यवस्थापनाची पदवी घेतली, गुंतवणूक सल्ल्याचे काम केले, मग वॉशिंग्टनसाठी खेळाडू पाहत फिरले, सहायक झाले, आणि २०१४ मध्ये खुर्चीत आले. म्हणजे मध्ये बावीस वर्षे गेली. गार्थ स्नो यांच्याकडे अशी मधली वर्षेच नव्हती. मिलबरी मात्र बॉस्टनमध्ये प्रशिक्षक आणि सहायक राहून आले होते आणि तरीही फसले, तेव्हा ही उमेदवारी हमी देत नाही, हेही मान्य केले पाहिजे. तिच्यावाचून जमलेले उदाहरण मात्र शोधावे लागते.

हाच निकष न खेळलेल्यांनाही लागू पडतो, म्हणून मला तो खरा वाटतो. ब्रिझब्वा २००१ पासून माँट्रियलमध्ये करारांचे काम करत होते, टँपाची खुर्ची त्यांना २०१८ मध्ये मिळाली. झिटो कोलंबसमध्ये सात वर्षे सहायक होते. जून २०२४ मध्ये कॅरोलायनाने एरिक टल्स्की यांना जनरल मॅनेजर केले. टल्स्की यांनी बर्कली विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएचडी केली, नॅनोतंत्रज्ञानात संशोधन केले, आणि फावल्या वेळात हॉकीच्या आकड्यांवर लिहीत राहिले. ते एनएचएलच्या बर्फावर कधी उतरले नाहीत. पण २०१४ मध्ये संघाने त्यांना अर्धवेळ सल्लागार म्हणून घेतले तेव्हापासून त्या खुर्चीपर्यंत त्याच इमारतीत त्यांची दहा वर्षे गेली होती.